खोलतो नाही, खोलते

कणखर नायिका कशी असावी, हे चंद्रकांताबाईंना विचारायची सोय नव्हती. तास संपला तरी बाई संपत नसत. कुडव्याहून स्कूटीवर मुर्रीकडच्या शाळेत मराठी शिकवायला येणाऱ्या या बाईंनी यंदा मुलींना पुढच्या काळातल्या, बिघडलेल्या जगाच्या गोष्टी लिहायला लावल्या. अट एकच: गोष्टीतल्या मुलीने कोणी वाचवायला येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

नववीतल्या डिंपलने अट तंतोतंत पाळली. तिच्या गोष्टीत गावोगावचे तलाव कंपनीने गिळलेले, पाण्याला हात लावायची बायकांना बंदी, आणि एक पोरगी भर पहाऱ्यातून पाळीच्या बांधावर चढून तुडुमाशी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाशी, जाऊन उभी राहते. गोष्ट अशी उतरली की जिल्ह्याच्या कथावाचनाला बाईंनी तिलाच निवडलं.

सरावाला डिंपलने माइक धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "भिऊ नका. तुडूम मी खोलतो."

"खोलतो नाही, खोलते," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "मुलगी आहे ना गं ती? की मिशा फुटल्या?"

सगळा वर्ग हसला. डिंपल खाली बसली. दुसऱ्या दिवशी पोरांनी तिला 'डिंपलभाऊ' म्हणून हाक मारली, आणि त्यानंतर ती शाळेत आलीच नाही.

तेव्हा कुठे बाईंना आपली आई आठवली आणि तोंड कुठे लपवावं ते कळेना. या झाडी मुलखातल्या सगळ्या बायांसारखी आईही जन्मभर 'मी येतो, मी करतो' म्हणत आली. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरातली बाई ती. तिच्या 'करतो'त कोणाला कधी मिशा दिसल्या नाहीत. दिसल्या त्या, आई भेटायला गेली तेव्हा, नागपूरच्या वसतिगृहातल्या लेकीच्या मैत्रिणींना. त्या हसल्या, आणि आईची बाजू घ्यायची सोडून चंद्रकांताही त्यांच्यासोबत हसली. मग तिने तो 'तो' जिभेवरून घासून काढला. आता तोच खराटा तिने डिंपलवर चालवला होता.

वाचन परवावर आलेलं. शाळा सुटल्यावर बाई डिंपलच्या घरी गेल्या. तिची आई अंगणात धान पाखडत होती.

"पोरगी काऊन शाळेत जाऊन नाही राहिली, समजत नाही," ती म्हणाली. "तिले कोणी काही म्हटलं का जी?"

डिंपलने घरी चकार शब्द काढला नव्हता. बाईंना गप्प बसता आलं असतं. पण त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, मिशांसकट.

"मंग चुकलीच असन ते," आई सहज म्हणाली. "तुमी सांगतलं म्हणजे सुधारन."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची नाही, माझी आहे, त्या म्हणाल्या. पोरीने लिहिलं तसंच वाचावं. दारामागून डिंपल पुढे आली.

"वाचतो, मॅडम," ती म्हणाली, आणि एकदम दचकली. "वाचते."

ते दचकणं बाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं. त्या उठल्या. निदान निघताना तरी आपल्या आईसारखं म्हणावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण एवढ्या वर्षांची घासलेली जीभ ती.

"बरं, मी येते."

डिंपलने त्यांच्याकडे बघितलं. ती हसली नाही.

"येते नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली. "येतो."

बाईंनी मान खाली घातली आणि विद्यार्थिनीसारखं पुन्हा म्हणून दाखवलं.