बरोबरी पुरली असती

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, लिहिण्याचं धाडस करतोय, सांभाळून घ्या. मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या की त्या ओल्या वासानं धामणगाव बढेचा तो सामना आठवतो. हरलो तर आमच्या गावचा फुटबॉल संघ खालच्या गटात जाणार होता, बरोबरी पुरली असती. संघाला शिकवणारे आमचे सर मूळचे कबड्डीचे. मध्यंतराला बरोबरी होती, ती टिकवायला त्यांनी सगळ्यांना आपल्या गोलपुढेच उभं केलं. "सर, समोर कोणीच नाई ठेवला, काऊन?" मी प्रेक्षकांतून ओरडलो. शेजारचे काका म्हणाले, "चूप राय बे, कबड्डीत असंच घेरतेत." तेवढ्यात बुलढाण्याची शेवटची एसटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात पेपर होता, बसावंच लागलं. खिडकीतून आमच्या पिवळ्या जर्सींची गोलपुढची दाटी तेवढी दिसली. राजूर घाटात नेटवर्क नव्हतं. घाट चढल्यावर मित्राचा मेसेज आला, "आपल्याच पोराच्या गुडघ्याले लागून बॉल आत गेला. गेलो आपण खाली."