कंपायलरला गप्प करण्याची रीत

हिंजवडीतल्या आमच्या टीमची एक रीत होती. वेबपानावरचा एखादा घटक कोडमधून शोधायचा म्हटला, की चुका आधीच दाखवणारा तो कंपायलर नसत्या चौकशा करी. हा घटक पानावर नसलाच तर? तुम्ही म्हणता त्या प्रकारचा नसला तर? खरं तर तपासून बघायला हवं. आम्ही दोन शब्द लिहून त्याला दटावत असू, की तो चेकबॉक्सच आहे, मी सांगते ना. मग तो गप्प बसे आणि आम्हाला कंपनीची बस मिळे.

यवतमाळहून आलेली एक टेस्टर होती, कंत्राटावरची. चहाच्या टपरीवर तिनं मला सांगितलं, की डिझाइनवाले रुग्णालयाचा फॉर्म बदलताहेत आणि आपला कोड नुसता विश्वासावर चाललाय. घटकाचा प्रकार तपासणारं एक छोटं फंक्शन लिहून सगळीकडे तेच वापरू या. मी हो हो म्हणाले आणि काहीच केलं नाही. कालची पोरगी मला शिकवते याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

तिचं टेस्टिंग उरकल्यावर, फॉर्म सुरू होण्याच्या अगदी आदल्या दिवशी, त्यावरच्या 'व्हीलचेअर हवी' या चेकबॉक्सच्या जागी हो-नाहीची यादी आली. आमचा कोड त्या यादीलाही 'टिक केली आहे का' असंच विचारत राहिला. यादीला टिक कुठली? प्रत्येक रुग्णापुढे 'नको' अशी नोंद गेली. म्हातारी माणसं दारात ताटकळली.

मीटिंगमध्ये मॅनेजरांनी तिला विचारलं, "आपण टेस्टिंग करता, म्हणजे नेमकं काय करता?"

ती म्हणाली, "मी मॅडमना आधीच सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझं प्रमोशन त्याच महिन्यात ठरायचं होतं.

"मला तरी आठवत नाही," मी म्हणाले.

तिचं कंत्राट वाढवलं नाही. ओळखपत्र परत करून ती माझ्या जागेपाशी आली. भांडेल असं वाटलं होतं. "तुम्हाला आठवत होतं, मॅडम," एवढंच बोलून गेली. मला स्वतःची किळस आली, पण उठून तिच्यामागे काही गेले नाही.

पुढच्याच आठवड्यात मी ते फंक्शन लिहिलं, तिनं सांगितलं होतं अगदी तसंच. मॅनेजर खूश झाले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, की ही कल्पना सुचली कशी?

"अनुभवातून," मी म्हणाले. टाळ्या वाजल्या.