कोणीतरी फिल्टर लावलाय

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर हे वाक्य दर दोन-चार दिवसांनी येतंच. 'कोणीतरी फिल्टर लावलाय. कृपया काढा.' मागोमाग हात जोडलेली चित्रं येतात, एखादे सर 'मी नाही लावला' असं कोणी न विचारता सांगतात, आणि ज्यानं लावलेला असतो तो तेवढा गप्प बसतो.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आंधळगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक सर. पूर्वी वरून माहिती मागवली की कागद भरून मोहाडीला नेऊन द्यायचा, साहेब जागेवर नसले तर शिपायाजवळ ठेवायचा आणि घरी यायचं. आता लिंक येते. लिंक उघडली की तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा एकच लांबलचक तक्ता, तो सगळ्यांनी एकाच वेळी भरायचा आणि दुपारच्या आत भरायचा. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहायचं, पण रकाना मोकळा सोडायचा नाही.

एवढ्या मोठ्या तक्त्यात आपली शाळा शोधत खाली खाली जायचा कंटाळा येतो. म्हणून जो तो आपल्या केंद्राचा, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाचा, फिल्टर लावतो. लावणाऱ्याला वाटतं, आपण आपल्या फोनवर लावला. तो लागतो सगळ्यांच्याच फोनवर. आपण चौथीची पटसंख्या लिहीत असावं आणि डोळ्यांदेखत आपली शाळाच नाहीशी व्हावी, असा तो प्रकार. मग आपण चिडून तो फिल्टर काढतो, तेव्हा तिकडे तो लावणाऱ्या सरांच्या ओळी इकडच्या तिकडे होतात. ते चिडून पुन्हा लावतात.

मुख्याध्यापक सरांना याचं काहीच वाटत नसे. "मॅडम, तुमी टेन्शन काहून घेता? फिल्टर लावल्यानं डाटा कुठं जाते? लपते फक्त," असं म्हणून ते चहा मागवायचे. मला मात्र लपलेली गोष्ट आणि गेलेली गोष्ट यांतला फरक मनातून कधीच पटला नाही. कुलूप लावून निघाले तरी फाट्यावरून परत येऊन ओढून बघणारी मी बाई. आमच्या घरी यावरून माझी रोज थट्टा होते.

हे सगळं चालून गेलं असतं. पण दिवाळीनंतर त्या तक्त्यात आमच्या शाळेतली एक मुलगी आली.

तिसरीतली पोर. अंगानं काडी, तोंडानं तिखट. खो-खोत धावायला सगळ्यांत पुढे आणि दोन फेऱ्यांत मटकन खाली बसणारी. ओठ निळसर व्हायचे. मी विचारलं की म्हणायची, "मॅडम, मी थकली नाही, मले बसावंसं वाटलं." आरोग्य तपासणीची गाडी शाळेत आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बोलता बोलता एकदम थांबले. पुन्हा ऐकलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयात छेद असावा, नक्की काय ते सोनोग्राफीतच कळेल. त्यासाठी नागपूरचे मोठे डॉक्टर भंडाऱ्याच्या शिबिराला यायचे होते, एका दिवसापुरतेच. तालुक्यातल्या अशा सगळ्या मुलांना न्यायला गावोगाव गाडी फिरणार होती. आपल्या मुलाचं नाव शाळेनं तक्त्यात भरायचं, पालकांचा होकार आणि फोन लिहायचा, एवढंच काम.

तिची आई धानाच्या कापणीला जायची. वडील चिखल्याला, खाणीतल्या कामगारांची ने-आण करणाऱ्या खाजगी गाडीवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. आई माझ्यासमोर व्हरांड्यात बसली आणि नुसती पदराचं टोक पिळत राहिली. "आमाले काही समजत नाही जी, मॅडम," ती म्हणाली. "तुमी म्हणसान तसं. फक्त नाव बरोबर टाकजा."

मी नाव टाकलं. गाव टाकलं, गाडी कुठे थांबेल ते टाकलं, आईचा फोन दोनदा तिच्याकडून वदवून घेऊन टाकला. आणि त्या घटकेपासून माझा जीव त्या ओळीत अडकला. परिपाठाआधी बघायचं, मधल्या सुट्टीत बघायचं, कुकरच्या शिट्ट्या होताना बघायचं. एका संध्याकाळी ओळ नव्हती. अख्खी यादी खाली-वर केली, आमचं पूर्ण केंद्रच नाही. मग वर ते गाळणीचं हिरवं चिन्ह दिसलं. तडक फिल्टर काढला, ओळ आली, हायसं वाटलं. दोन मिनिटांत शेजारच्या केंद्रातल्या एका सरांचा फोन.

"मॅडम, तुमी काढला का फिल्टर?"

"हो. माझी मुलगी दिसत नव्हती."

"अहो, मी भरून राहिलो होतो ना! तुमची पोरगी दिसली, माझी दोन पोरं गायब झाली. आता काय लिहू मी, कुठं लिहू?"

त्यांचंही खरं होतं. त्यांचीही कोणी दोन पोरं होती. मी माफी मागितली आणि फोन ठेवल्यावर जास्तच घाबरले, कारण हे असंच रोज चाललं तर एखाद्या दिवशी कोणाचं बोट भलत्याच ओळीवर पडून माझ्या पोरीपुढे 'निरंक' लागायचं.

बाजाराच्या दिवशी मोहाडीला गेले तेव्हा भाजी घ्यायच्या आधी एका ऑनलाइन कामाच्या दुकानात बसले. संगणकावर तक्ता उघडून एकेक मेनू उघडत गेले. फिल्टरच्या खालीच 'फिल्टर व्ह्यू' असं काही होतं. ते केलं की कडा काळ्या होतात आणि आपण हवं ते गाळून बघू शकतो. बाकीच्यांना त्यातलं काही दिसत नाही, त्यांच्या ओळी जिथल्या तिथे. त्याला नाव देऊन ठेवता येतं, परत उघडता येतं. माझ्या फोनवर ते मला कधी सापडलं नव्हतं. खरं वाटेना म्हणून मी दुकानातूनच मुख्याध्यापक सरांना फोन केला, "तुमच्याकडे सगळ्या शाळा दिसताहेत ना?" ते म्हणाले, "दिसून राहिल्या. काहून, काय केलं तुमी?" मला इतका आनंद झाला की वांगी घ्यायची विसरले.

घरी येऊन ग्रुपवर सविस्तर लिहिलं. साधा फिल्टर लावू नका, तो सर्वांना लागतो. संगणकावर असा असा स्वतःपुरता व्ह्यू करा. खाली अंगठे आले. 'खूप छान माहिती मॅडम.' 'उपयुक्त.' एका मॅडमनी गुलाबाचं फूल पाठवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा: 'कोणीतरी फिल्टर लावलाय.'

शिबिराच्या दिवशी मी शाळेच्या वेळेच्या बरीच आधी पोचले. गावाच्या पाण्याच्या टाकीजवळ मायलेकी उभ्या होत्या. पोरीच्या डोक्याला तेल, दोन घट्ट वेण्या, अंगात दिवाळीचा फ्रॉक आणि वरून स्वेटर. आईनं कापणीला सुट्टी सांगितली होती. हातात कापडी पिशवी, तिच्यात डबा. गाडी यायची वेळ झाली, टळली. बांध्यांकडे जाणाऱ्या बाया जाताना विचारत होत्या, आई प्रत्येकीला "येतेच आता" म्हणत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"गाडी काहून नाही आली जी, मॅडम?"

मी गाडीवरच्या सिस्टरांना फोन लावला. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. गावाचं नाव सांगितलं. कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं गाव यादीत नाही."

"असं कसं? मी स्वतः भरलं आहे. आत्ता माझ्या फोनवर दिसतं आहे."

"फोनवर असेल. मी काल प्रिंट काढून घेतली, माझ्या हातात तीच आहे. आमी तर भंडारा रोडला लागलो."

मी त्यांना कागदावरची गावं वाचायला लावली. चार-पाच गावं ऐकताच कळलं. सगळी एकाच केंद्राची. काल ज्या घटकेला त्यांनी प्रिंट काढली, त्या घटकेला कोणीतरी आपल्या केंद्राचा फिल्टर लावून बसलं होतं. कागदावर तेवढंच उतरलं. बाकीच्या तालुक्याची पोरं लपली ती लपलीच. राग कोणावर काढावा हेही कळेना.

"डॉक्टर दुपारपर्यंतच आहेत," सिस्टर म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता. "तुमी कसंही करून आणा. मी आता फोनवरच यादी पाहते, कोण कोण राहिले ते. फक्त आता त्याच्यात कोणी हात नका लावू, मॅडम, नाही तर मले काहीच नाही दिसणार."

मुख्याध्यापक सर तेवढ्यात आले, आपल्या नव्या पांढऱ्या गाडीतून. त्या गाडीला धूळ लागू नये म्हणून ते ती शाळेपासून लांब, चिंचेखाली लावत आणि मुलांना तिच्या आसपास फिरकू देत नसत. मी घडलं ते सांगितलं. त्यांनी खिशात टाकलेली किल्ली पुन्हा बाहेर काढली. मग "बसवा लेकराले," म्हणाले आणि मागचं दार स्वतः उघडलं. आईनं चपला हातात घेतल्या, तर म्हणाले, "राहू द्या जी, असू द्या."

गाडीत आणखी दोन-तीन लेकरं मावत होती. म्हणजे वाटेवरची, आपल्यासारखीच उभी असलेली मुलं शोधायला हवी होती आणि तक्त्याला हात न लावता शोधायला हवी होती. वाटेत कुठे थांबायचं ते कळवते म्हणून मी गाडी पुढे पाठवली आणि शाळेत येऊन संगणक सुरू केला. तो सुरू व्हायला नेहमीच वेळ लावतो, त्या दिवशी मुद्दाम लावतोय असं वाटलं. फोनचं नेट त्याला जोडलं आणि बाजाराच्या दिवशी करून ठेवलेला माझा व्ह्यू उघडला. आमचं केंद्र, पालकांचा होकार. काळ्या चौकटीत तेवढीच मुलं उरली. तिकडे सिस्टरांच्या फोनवर अख्खा तालुका जसाच्या तसा असणार, हे मला माहीत होतं, तरी मी भीतभीतच माऊस हलवत होते. एकेका आईला फोन लावला. एक तर फाट्यावर उभी राहून थकून घरी परतली होती. "निघा, निघा, पांढरी गाडी येते आहे," मी जवळजवळ ओरडलेच. बाकी केंद्रांसाठी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा या खेपेला कोणी अंगठा दाखवला नाही, सगळ्यांचे फोनच सुरू झाले.

मग वाट बघणं. दोन्ही वर्ग मी एका खोलीत बसवले, शुद्धलेखन दिलं आणि संगणकासमोर बसले. सरांना फोन करू नये, ते चालवत असतील. आईला करू नये, तिला काय कळणार. तक्त्यात शेवटी एक रकाना होता, तपासणी झाली की बाकी. तिच्यापुढे 'बाकी'. मी वाचन घेतलं, पाढे घेतले, खिचडी वाढून घेतली. 'बाकी'. डॉक्टर उठून गेले असतील. गाडी पंक्चर झाली असेल. पोरगी तिथे रांगेत मटकन खाली बसली असेल आणि म्हणत असेल, मले बसावंसं वाटलं.

जेवणाची ताटं धुऊन होत होती तेव्हा फोनवर पाहिलं, तर तक्ता एकदम आखूड झाला होता. थोडीच नावं, आमची पोर नाही. वर गाळणीचं चिन्ह. माझं बोट सवयीनं ते काढायला गेलं आणि थबकलं. उरलेल्या प्रत्येक नावापुढे 'बाकी' होतं. फिल्टर सिस्टरांनीच लावला असणार, राहिलेल्या मुलांना हाका मारायला. मी तो काढला असता तर तिथे एखाद्या लेकराची हाक चुकली असती. मी बोट मागे घेतलं आणि खोलीत धावले. माझ्या व्ह्यूमध्ये तिची ओळ होती. तपासणी झाली. पुढे लिहिलं होतं, 'शस्त्रक्रिया आवश्यक. यादीत घेणे.'

झाली म्हणून आनंद व्हावा की पुढचं वाचून रडावं, मला कळेना. मी दोन्ही केलं, पाठमोरी होऊन, मुलांना दिसू नये म्हणून.

थोड्या वेळानं सरांच्या फोनवरून आई बोलली. मागे पोरीचा आवाज येत होता, ती सरांना गाडीची काच खाली करायला सांगत होती.

"छेद आहे म्हणते, मॅडम. ऑपरेशन लागन. पण होते म्हणते, चांगली होते." मग तिनं विचारलं, "त्या ऑपरेशनची यादी दुसरीच असते म्हणते. तिच्यात नाव राहीन ना जी आमचं?"

"राहील," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि नवी लिंक आली आहे का ते बघायला ग्रुप उघडला.