आमचा एजंट

लेखकाला एजंट असावा की नसावा, यावर परवा पुण्यातल्या एका चर्चेत मंडळी तावातावानं बोलली. मी श्रोत्यांत होतो. आमचा एजंट उमरग्याच्या बाजारात बैलांची दलाली करतो, हे तिथं सांगून काय उपयोग? शिवाय त्याच्यामुळं आमचं पुस्तक अजून कपाटातच आहे. तरी माझी तक्रार नाही.

हा एजंट म्हणजे बायकोचे मामा. आम्ही लोहाऱ्यात राहतो. तिचं माहेर मेंढरं राखणारं. मी मुलांसाठी मेंढरांची गोष्ट लिहिली, चित्रं तिनं काढली आणि दोन्ही पुण्याच्या एका प्रकाशकांकडं पाठवलं. त्यांचा फोन आला तेव्हा मामा ओसरीवर चहा पीत होते, बायको आत भाकरी थापत होती. मी फोन स्पीकरवर टाकला. आपलं कौतुक घरानं ऐकावं, एवढा मोह कुणालाही होतो.

"गोष्ट छान आहे," प्रकाशक म्हणाले. "चित्रं मात्र आमच्या चित्रकाराकडून काढून घेऊ. चालेल ना?"

आतली थापथाप थांबली. पुस्तक निघतंय म्हटल्यावर माझी मान आधीच हलली होती. "हो, म्हणजे..." एवढं मी बोललोही. मामांनी कप खाली ठेवून फोन माझ्या हातातून घेतला.

"जोडी हाय, सायेब. फोडून द्यायची न्हाय," म्हणाले आणि फोन बंद केला. मग माझ्याकडं वळले. "जावई, बाजारात मालकानं बोलू न्हाय. मालकाला लई घाई असती."

मला राग आला. बैल विकणाऱ्याला पुस्तकातलं काय कळतं! पण हे तोंडावर म्हणायची छाती नव्हती. बायकोनं नेहमीसारखं जेवायला वाढलं.

महिन्याभरानं प्रकाशकांचा पुन्हा फोन आला. मामा त्यांच्या गावी होते, मी अंघोळीला. हाताला पीठ म्हणून बायकोनं स्पीकर लावला. चित्रं सोडू नका, असं त्यांच्या चित्रकारानंच त्यांना सांगितलं होतं म्हणे. गोष्ट तेवढी जड होती, ती दुसऱ्याकडून लिहून घेणार होते. तिचं नाव मोठ्या अक्षरात टाकणार होते. मी टॉवेल गुंडाळून दारात उभा राहिलो.

"जोडी हाय," ती म्हणाली. "फोडून द्यायची न्हाय."

'हो, म्हणजे' तिच्या तोंडून आलंच नाही.