बर्फात घातलेले टाके

जुन्नरच्या बाजारात गाद्या-रजया भरून देणारे चाचा यंदाच्या थंडीत आमच्याबरोबर हिमाचलात आले, ते बर्फाचा मेळा बघायला. कुठल्याही लॉजवर पोचलो की ते आधी गादी दाबून बघायचे आणि मान हलवायचे, "कापूस जुना हाय, राव."

मेळ्यात आम्हाला एकच तास मिळाला होता. बर्फाचा राजवाडा, बर्फाचे हत्ती. आम्ही फोटो काढत सुटलो. चाचा मात्र फाटकापाशीच थांबले. तिथे चहा विकणाऱ्या म्हातारीने पांघरलेल्या रजईची शिवण उसवून कापूस बाहेर आला होता. चाचांनी खिशातून सुईदोरा काढला, भाड्याचे हातमोजे उतरवले आणि तिच्याशेजारी बसून टाके घालू लागले. मी हाक मारली, तर म्हणाले, "तुमी व्हा पुढं. माज्यानं हे बघवत न्हाई."

गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा कुठे ते उठले. बोटं निळी पडली होती. इतक्या लांब येऊन त्यांचं काहीच बघून झालं नाही, याचं मला वाईट वाटलं. गाडीत मी त्यांना मोबाइलवर सगळे पुतळे दाखवले. ते "लई भारी, लई भारी" म्हणत राहिले. मग बोटांवर फुंकर घालत त्यांनी विचारलं, "त्या मातारीचा न्हाई काढला व्हय फोटो?"

मी नव्हता काढला.