क्रोनोग्राफला लावलेलं गंध

आमच्या घरात नेमबाज बायको आहे. मी नुसताच शहाणा. आठवडाभर इथे परदेशात, पॅरामॅटाच्या ऑफिसात लोकांच्या आकड्यांतल्या चुका काढतो आणि रविवारी तीच खोड घेऊन तिच्या मागे रेंजवर जातो. तिथे मला कोणी काही विचारत नाही, तरी मी सांगतो.

लांब पल्ल्याच्या मॅचसाठी क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि कॅप्टनच्या मनात ही होती. त्यासाठी हिने गॅरेजमध्ये बसून, दारू काटेकोर तोलून, स्वतः काडतुसं भरली. प्रत्येक गोळीचा वेग सारखा हवा, नाहीतर लांबवर एक वर लागते, एक खाली. वेग मोजायला मी हौसेने क्रोनोग्राफ घेतला. लांबट खोकं, वर काचेचे दोन डोळे. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जायला गोळीला किती वेळ लागला, त्यावरून ते वेग काढतं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. रायफल कायद्याने तिजोरीत कुलूपबंद, म्हणून पाटावर लॅपटॉप, ड्रिल आणि हे खोकं मांडलं. यंत्राचं कपाळ कुठे असतं कोणास ठाऊक! मी आपलं दोन्ही काचांवर ठसठशीत ओलं गंध लावलं. दुसऱ्या दिवशी पुसलंही, शर्टाच्या बाहीने.

रेंजवर आकडे नुसते उड्या मारायला लागले. एक गोळी सुसाट, पुढची रेंगाळलेली, तिसरीला मशीन गप्पच. दुसऱ्या कोणी आधी मशीन तपासलं असतं. मी लॅपटॉप उघडून आलेख काढला आणि क्लबच्या लोकांसमोर, त्यांनाही कळावं म्हणून इंग्रजीत, बायकोचं तोलणं कसं चुकतंय ते समजावलं. काय तो माझा आव! ती उठली. कॅप्टनला जाऊन सांगून आली, माझ्या काडतुसांचा भरवसा नाही, दुसऱ्या कोणाला घ्या.

सामान आवरताना तिनेच काचेला नख लावलं, तर केशरी पापुद्रा निघाला. ओल्या फडक्याने काचा पुसून तिने उरलेल्या गोळ्या झाडल्या. आकडे जवळपास सारखे आले. मी धावत कॅप्टनकडे गेलो. त्याने दुसरं नाव कळवूनही टाकलं होतं.

परतताना गाडीत मी सॉरीचा सपाटा लावला.

“गंधाचं राहू दे रे,” ती म्हणाली. “आकडे बघून मलाही वाटलं, माझाच हात चुकला. निदान तुला तरी वाटायला हवं होतं, हिचा नाही चुकणार.”