बिनदुधाचा बर्गर

गयेला माझ्या नवऱ्याचं पिंडदान करून आलो, तेव्हा सासूबाईंनी दूध सोडलं. तिथे आवडीचा एखादा पदार्थ सोडायची रीत आहे. बरेच जण हुशारीने कारलं नाहीतर फणस सोडून मोकळे होतात. सासूबाईंनी दूध सोडलं आणि त्याच्या मागोमाग दही, ताक, तूप, लोणी सगळंच. त्यांचा एकुलता एक मुलगा ऑफिसात, खुर्चीवर बसल्याबसल्याच गेला होता. सोडताना काही कमी सोडावं, असं त्यांना वाटलं नसावं.

रायपूरच्या घरात आम्ही दोघीच उरलो. मी अमरावतीला माहेरी परत जाईन, असं पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांनी धरूनच ठेवलं होतं. मी गेले नाही. सासूबाईंनीही कधी विचारलं नाही. सकाळी माझा डबा भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत जेवायला थांबायच्या. माझ्या नवऱ्याबद्दल मात्र आम्ही बोलत नव्हतो.

लग्नकार्यात त्यांचे हाल व्हायचे. पनीर, रायता, श्रीखंड, तुपातला भात. कोणीतरी आग्रह करायचं, मग दुसरं कोणी त्या आग्रह करणाऱ्याच्या कानात कुजबुजायचं आणि ताटावर सगळ्यांच्या दयेच्या नजरा वळायच्या. हळूहळू त्यांनी जाणंच बंद केलं.

गेल्या वर्षी मला सुट्टी मिळाली तेव्हा मी म्हटलं, "आई, हिमाचलला जाऊ. पहाड बघू."

"मले तिथं खायले काय भेटन?"

"काहीतरी मिळेल."

"चाल मग," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी गोल बाजारातून स्वतःसाठी लोकरीचे मोजे घेऊन आल्या.

मिळालं फारसं काही नाही. पराठ्यावर लोणी, मॅगीवर लोणी, डाळीलाही तुपाची फोडणी. नुसती रोटी, लोणचं आणि घरून नेलेला चिवडा यावर त्यांचे दिवस चालले होते. अशाच एका दुपारी छोट्याशा गावाच्या चढावर आम्हाला गारांनी गाठलं. जवळच्या लाकडी घराच्या वळचणीला उभ्या राहिलो, तोच आतून एका बाईने दार उघडलं. "माताजी, अंदर आ जाइए, भीग जाएँगी."

आत शेकोटी होती आणि भिंतीभर बाटल्या. सासूबाईंनी पदर सावरला आणि माझ्याजवळ सरकल्या.

"इथं दारू पितेत का व?"

"हव."

"मंग आपण इथं काय करून राहिलो?"

"गारा थांबेपर्यंत बसू, आई."

कोपऱ्यात दोन म्हातारे पहाडी टोप्या घालून ग्लास समोर ठेवून गप्प बसले होते. त्यांनी सासूबाईंना हात जोडले. सासूबाईंनीही जोडले, आणि मग त्या जरा ऐसपैस बसल्या.

मेनू कार्डात मला 'वीगन बर्गर' दिसला. मी त्या बाईला विचारलं. तीच पबची मालकीण होती, चाळिशीची असेल. ती म्हणाली, टिक्की राजम्याची आणि बीटची, पाव घरीच भाजलेला, दुधाचा थेंब नाही, अंडंही नाही. तवाही वेगळा.

मी सासूबाईंना सांगितलं, "वीगन म्हणजे दूध, दही, तूप काहीच न खाणारे लोक. त्यांच्यासाठी असतो हा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यायनं कोणासाठी सोडलं?"

मी मालकिणीला त्यांच्यासाठी एक बर्गर सांगितला.

बर्गर आला. एवढा उंच पदार्थ तोंडात जाणार कसा, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला, मग वरचा पाव उचलून बाजूला ठेवला, टिक्कीचा तुकडा मोडला आणि भाकरीसारखा पावाचा घास करून खाल्ला. दुसरा घास घेतला. तिसरा. किती दिवसांनी मी त्यांना भुकेने खाताना बघत होते.

मालकीण विचारायला आली, "अच्छा लगा, माताजी?"

"बहुत अच्छा. बेटी, आपने भी दूध छोड़ा है?"

"हाँ जी. बचपन में."

"किसके लिए?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती खुर्ची ओढून बसली. लहानपणी त्यांच्या घरी एक गाय होती, तिने सांगितलं. तिचं वासरू मेलं. गाय दूध देईना, तेव्हा घरच्यांनी त्या वासराच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते दूध काढताना तिच्यासमोर उभं केलं. गाय त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. "मैं छोटी थी, पर मुझसे वो दूध पिया नहीं गया. फिर कभी नहीं पिया."

मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, उगाच आलो आपण इथे.

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "उसको समझता नहीं था क्या?"

"मुझे लगता है, समझती थी, माताजी. फिर भी चाटती थी."

सासूबाईंनी मान हलवली. शेकोटीत लाकूड तडतडलं. मग त्या बोलू लागल्या, हिंदीत, मधेच मराठीत, त्या बाईला कळो न कळो. माझा मुलगा होता, म्हणाल्या. साय खाण्यासाठी पातेल्यात हात घालायचा, दोनदा भाजला तरी घालायचा. मोठा झाला तरी ऑफिसातून आल्यावर आधी दुधाचं झाकण उचलून बघायचा. मालकीण त्यांचा हात हातात धरून ऐकत होती. रडत मीच होते. त्या रडत नव्हत्या, उलट सायीची गोष्ट सांगताना हसल्या.

उरलेला बर्गर त्यांनी सगळा संपवला. मालकिणीने चहाचं विचारलं, तेव्हा मी नेहमीच्या सवयीने दोन काळे चहा सांगितले.

"एकच काळा," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या चहात दूध टाक." मग माझ्याकडे वळून, "तू काहून कोरा पेते? मले काय दिसत नाही का? घरात दूध आणणं बंद करून टाकलं तुनं."

"तुमच्यासमोर कसं प्यायचं, आई?"

"सोडलं ते मी सोडलं. तुनं नाही."

दुधाचा चहा आला. मी कप हातात धरून बसले. त्या समोरून बघत होत्या, मी पहिला घोट घेईपर्यंत त्यांनी आपला कप उचललाच नाही.